बकरीची साक्ष

इक्बाल यांची 'गाय और बकरी' ही कविता उर्दू शाळेत शिकलेल्या कोणाला माहीत नाही? आम्ही ती लहानपणी तोंडपाठ केली आणि मास्तर झाल्यापासून वर्गात शिकवत आलो आहोत. हिरव्यागार कुरणात चरता चरता एक बकरी नदीकाठी येते. तिथे उभ्या असलेल्या गायीला ती अदबीने सलाम करते, खुशाली विचारते. गाय बिचारी आधीच वैतागलेली. ती माणसाविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचते. दूध कमी दिले तर तो कुरकुरतो, अंगावर मांस राहिले नाही तर विकून मोकळा होतो, त्याची मुले आपल्या दुधावर वाढतात आणि भलाईचे फळ मात्र बुराई मिळते, असे तिचे म्हणणे. बकरी सगळे ऐकून घेते आणि गायीची समजूत घालते. हे कुरण, ही थंड हवा, ही सावली माणसामुळेच मिळाली. जंगलात जिवाला किती धोके. तेव्हा उपकार करणाऱ्याची निंदा बरी नव्हे. गाय शरमते आणि मनाशी कबूल करते, की बकरीची जात लहान, पण बोलणे काळजाला भिडणारे आहे.

एका वर्षी बकरी ईदच्या आठवडाभर आधी आम्ही ही कविता शिकवत होतो. तात्पर्य फळ्यावर लिहून झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, बकरी को ईद का मालूम नई था क्या?" वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो आणि मुलांना स्वाध्याय लिहायला लावले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. कारण त्या वेळी घरच्या अंगणात एक बोकड बांधलेला होता आणि आमच्या पावलांचा आवाज ओळखून तो ओरडू लागला होता.

त्या मुलाने कवितेतली नेमकी फट दाखवली होती. 'बांगे-दरा' १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ही कविता मुलांसाठी आहे आणि ती 'माखूज' म्हणजे दुसरीकडून घेतलेली आहे, असे खुद्द कवीनेच नोंदवले आहे. मुलांच्या कवितेकडून फार मागू नये, हे आम्हाला कळते. पण तीत शहाणपण कोणाच्या पदरात घातले आहे, ते पाहा. गाय भोळी, बकरी हुशार. हुशार कोण? जी माणसाची बाजू मांडते ती. दूध, विक्री, उपकार, सगळ्याची चर्चा होते. छुरीचे नाव कुठेच येत नाही. ज्या प्राण्याला माणूस कापून खातो, त्याच्याच तोंडून माणसाचे वकीलपत्र! वकील हुशार असावा, पण त्याला पूर्ण कागदपत्रे दाखवू नयेत, असा हा खटला आहे.

असाच एक खटला याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी लिहिला गेला होता आणि त्यात कागदपत्रे लपवलेली नव्हती. दहाव्या शतकात बसरा शहरात 'इख्वानुस्सफा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने गणितापासून अध्यात्मापर्यंतच्या विषयांवर पन्नासहून अधिक रिसाले लिहिले. त्यांतला बाविसावा रिसाला प्राण्यांचा आहे. मौलवी इकराम अली यांनी १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी तो उर्दूत आणला. उर्दू गद्याच्या इतिहासात या कॉलेजचे नाव घेताना आपण 'बाग-ओ-बहार'वर थांबतो. 'इख्वानुस्सफा' परीक्षेपुरता एका ओळीत उरतो. आमच्याही नशिबी तो आधी त्या एका ओळीतच आला होता. ईदच्या त्या प्रश्नानंतर आम्ही तो नीट वाचला.

कथा अशी. एक जहाज वादळात सापडून एका बेटाला लागते. बेटावर जिन्नांचा न्यायी बादशहा बेवरास्प राज्य करतो आणि प्राणी निर्भय राहतात. जहाजातली माणसे उतरतात आणि सवयीप्रमाणे जनावरे धरू लागतात, जू लावू लागतात. प्राणी बादशहाच्या दरबारात फिर्याद नेतात. माणसाचा दावा असा, की हे आमचे गुलाम आणि आम्ही यांचे मालक. बादशहा म्हणतो, दावा असेल तर पुरावा द्या.

मग पुरावे सुरू होतात. माणूस म्हणतो, आमची काया ताठ आणि सुंदर. खेचर उत्तर देते, की प्रत्येकाची घडण त्याच्या कामाला योग्य अशीच आहे. ती देणाऱ्याने दिली, त्यात तुमची कमाई कोणती? माणूस म्हणतो, आमच्याकडे अक्कल आणि हुन्नर. तर मधमाश्यांचा सरदार उठतो आणि विचारतो, की पट्टी आणि कंपास न घेता षट्कोनी घरे कोण बांधते? मेंढा उभा राहतो तेव्हा दरबार गप्प होतो. कोकरांना आईपासून तोडतात, पाय बांधून उपाशी-तहानलेले नेतात, ती ओरडतात आणि कोणाला दया येत नाही, असे तो सांगतो. डुकरालाही बोलू दिले आहे. मुसलमान आम्हाला शापित मानतात, रूमचे लोक चवीने खातात. आमचा गुन्हा काय हे आम्हालाच कळेनासे झाले आहे, असे त्याचे म्हणणे. बसऱ्याच्या मुसलमान विद्वानांनी आपल्याच ग्रंथात डुकराला साक्षीला उभे केले आणि त्याचे बोलणे कापले नाही. या एका गोष्टीसाठीही हा रिसाला आमच्या मुलांना दाखवावासा वाटतो.

आता आजच्या काळाकडे येऊ. ज्या प्राण्यांना बुद्धी आहे त्यांना खाऊ नये, असा विचार अलीकडे जगभर मांडला जातो. त्याच्या पाठीशी शास्त्र आहे. २०१२ साली केंब्रिज येथे जमलेल्या मज्जाशास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जाणीव ही केवळ माणसाची मिरास नाही. सस्तन प्राणी, पक्षी, इतकेच काय ऑक्टोपसकडेही तिची सामग्री आहे. ऑक्टोपसच्या अंगात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या आठ हातांत पसरलेल्या असतात. २०२० साली आलेल्या 'माय ऑक्टोपस टीचर' या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस, खेकडा आणि शेवंडा यांना वेदना जाणणारे प्राणी मानले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने खाण्यासाठी ऑक्टोपसची शेती करण्यावर बंदी घातली.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदीच परका नाही. कोकणातले आपले शाफई बांधव समुद्रातले बहुतेक सगळे खातात. ऑक्टोपसचा भाऊबंद म्हाकूल तिथल्या घरात आवडीने शिजतो. देशावरच्या हनफी घरात मासळीपलीकडे समुद्रातले काही चालत नाही. दोन्हीकडच्या फिकहच्या किताबांत बारीक चर्चा आहे. पण हलाल-हरामची रेघ ओढताना प्राण्याची हुशारी कोणीच मोजलेली नाही. ही त्या फकीहांची उणीव की समज, असा विचार आम्ही बरेच दिवस केला.

आमचे उत्तर मास्तराचे आहे. बुद्धीवर जीव तोलायचा म्हणजे परीक्षा घेणे आले. प्रश्नपत्रिका कोण काढणार? माणूस. उत्तरपत्रिका कोण तपासणार? माणूस. आरशात स्वतःला ओळखले तर इतके गुण, काडीने मुंग्या काढल्या तर इतके. जो पास झाला तो वाचला, जो नापास झाला तो ताटात. आमच्या शाळेत दुपारची खिचडी वाढताना कोणत्या मुलाला गणितात किती मार्क आहेत हे विचारत नाहीत. भूक ज्याची त्याला असते. पहिल्या नंबराच्या पोराची भूक मोठी आणि नापास पोराची लहान, असे नसते. मग वेदनेला गुणपत्रिका कशाला?

शिवाय या परीक्षेचा निकाल दर काही वर्षांनी बदलतो. मेंढराला आपण मंदबुद्धीची उपमा करून टाकले. २००१ साली केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले, की मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवते. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बकऱ्यांपुढे खाऊची डबी ठेवली. ती उघडेनाशी झाली तेव्हा बकऱ्या जवळच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या, जणू मदत मागत आहेत. मेंढी आणि बकरी वर्षानुवर्षे नापासांच्या यादीत होत्या. आता त्यांचे काय करायचे? बदलले ते आपले ज्ञान. बकरी होती तशीच आहे.

कुरआनात सूरह अल-अनआमच्या अडतिसाव्या आयतीत जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा आशय आहे. त्यात 'हुशार असलेले' अशी अट नाही. सूरह अन-नम्लमध्ये हजरत सुलेमान (अ.) यांच्या दरबारातून हुदहुद गैरहजर असतो. सबळ कारण दिले नाही तर त्याला कडक शिक्षा होईल किंवा जिबह केले जाईल, असे फर्मान निघते. हुदहुद येतो आणि आपल्याला जी खबर आहे ती तुम्हाला नाही, असे बादशहाला तोंडावर सांगतो. बादशहा म्हणतात, खरे बोलतोस की खोटे ते पाहू. छुरीचा शब्द निघाल्यानंतरही एका पाखराची सुनावणी होते, ही गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो.

आता पुन्हा बसऱ्याच्या रिसाल्याकडे. रूप, इंद्रिये, अक्कल, हुन्नर, सगळ्या मुद्द्यांवर माणूस हरतो. मग हिजाजचा एक माणूस उठतो आणि म्हणतो, आम्हाला मरणानंतर पुन्हा उठवले जाईल, जन्नतीचा वायदा आहे. बुलबुल लगेच म्हणते, वायदा आहे तशी ताकीदही आहे. कबरीतला सवाल-जवाब आणि दोजखची आग तुमच्याचसाठी सांगितली आहे. हिजाजी कबूल करतो, पण म्हणतो, काही झाले तरी आम्ही कायमचे राहणार, आणि आमच्यात नबी आणि वली झाले. इथे प्राणी गप्प होतात. निकाल माणसाच्या बाजूने लागतो.

पहिल्या वाचनात आम्हाला हा शेवट खटकला. शेकडो युक्तिवाद हरलेला पक्ष शेवटच्या पानावर जिंकतो, यात लेखकांनी काळाला घाबरून माघार घेतली असे वाटले. अनेक वाचकांना तसे वाटत आले असावे. दुसऱ्या वाचनात मात्र बुलबुलच्या बोलण्याचे वजन कळले. माणूस अकलेच्या जोरावर जिंकला नाही. जिंकला तो अशा एका मुद्द्यावर, की त्याला हिशेब द्यायचा आहे. ज्या दस्तऐवजाने त्याला प्राण्यांवर हक्क दिला, त्याच दस्तऐवजात त्याच्या शिक्षेचे कलम आहे. हक्क ठेवायचा आणि कलम फाडायचे, असे करता येत नाही. म्हणून जो माणूस हिशेबाची आठवण न ठेवता खातो, तो हा खटला हरलेलाच आहे. बेवरास्पच्या दरबारात त्याच्याकडे दुसरा पुरावा शिल्लक नव्हता.

इक्बाल यांच्याकडे आम्हाला आणखी एकदा जावे लागेल. १९३५ च्या 'बाले-जिब्रील'मध्ये अबुल अला मअर्री यांच्यावर एक छोटी कविता आहे. मअर्री (९७३–१०५७) हे सीरियातले अंध अरबी कवी. आयुष्यातली चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी मांस खाल्ले नाही. दूध, अंडी, मधही वर्ज्य केला. इक्बाल यांच्या कवितेत एक मित्र त्यांना भाजलेला तित्तर पाठवतो. मअर्री तित्तराला विचारतात, की तुझा गुन्हा काय होता? आणि उत्तर देतात, की तू शाहीन झाला नाहीस. दुबळेपणाच्या अपराधाला अकाली मरण हीच सजा आहे.

मअर्रींची एक आख्यायिका सांगितली जाते. आजारपणात हकिमाने कोंबडी खायला सांगितली, तेव्हा ते त्या कोंबडीला म्हणाले, की तू दुबळी दिसलीस म्हणून तुझे नाव सुचवले. सिंहाचा छावा का नाही सुचवला? ही कोपरखळी हकिमाला आहे, म्हणजे माणसाला आहे. इक्बाल यांच्या कवितेत बोट पाखराकडे वळते. गुलामगिरीत झोपलेल्या कौमला जागे करायचे म्हणून त्यांनी ते वळवले, हे आम्ही जाणतो आणि त्या हेतूपुढे मान झुकवतो. पण मअर्रींच्या तोंडी ही भाषा बसत नाही. दुबळ्याला शिक्षा हा जर निसर्गाचा कायदा असेल, तर तो बकरीवर लागू होऊन थांबत नाही. तो उद्या गरिबावर, परवा अल्पसंख्याकावर लागू होतो. आपण तरी या कायद्याला टाळ्या वाजवू नयेत.

मअर्रींना कैरोच्या फातिमी दरबारातले दाई अल-मुअय्यद यांनी पत्रे लिहून जाब विचारला होता, की अल्लाहने हलाल केलेले तुम्ही स्वतःवर का वर्ज्य केले? मअर्रींनी प्राण्यांच्या यातनांचा विषय काढला आणि आपल्या तुटपुंज्या कमाईचेही कारण दिले. दाईंनी चांगल्या जेवणाची सोय करून देऊ केली; ती त्यांनी नम्रपणे नाकारली. दोन विद्वानांनी मांसाबद्दल मतभेद ठेवून पत्रे लिहिली आणि कोणी कोणाचे डोके फोडले नाही. २०१३ साली मात्र त्यांच्या गावात, मअर्रतुन्नुअमानमध्ये, त्यांच्या पुतळ्याचे डोके तोडले गेले. आम्ही मअर्रींच्या वाटेने जाणार नाही. कुर्बानी आमची इबादत आहे. पण त्यांचा प्रश्न ऐकून घेणे हीही आमचीच परंपरा आहे.

मग प्राण्याची बुद्धी अगदीच निरर्थक का? तसे नाही. ती खाण्याचा परवाना ठरवत नसेल, पण आपली जबाबदारी वाढवते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी जिबह करतानाही उत्तम रीत पाळण्याची, छुरीला चांगली धार लावण्याची आणि जनावराला कमीत कमी त्रास देण्याची ताकीद दिली. जनावरासमोर छुरी परजणाऱ्याला त्यांनी टोकले, की त्याला दोनदा मारायचे आहे काय? या एका प्रश्नात मान्य केले आहे, की जनावर पाहते, ओळखते आणि भिते. प्रयोगशाळेने २००१ आणि २०१६ साली जे मोजून दाखवले, ते आम्हाला आधीच सांगितले होते. चेहरे ओळखणाऱ्या मेंढीला दुसऱ्या मेंढीचे मरण दाखवू नये, हे त्यातून आपोआप निघते.

इथे आम्ही स्वतःकडे बोट दाखवतो. आमच्या घरी कित्येक वर्षे ईदच्या सकाळी दोन बोकड एकाच अंगणात, एकापाठोपाठ झाले. दुसरा खुंट्याला बांधलेला असायचा आणि पाहत असायचा. कसाई घाईत, आम्ही घाईत. बाजारातून आणताना मोटारसायकलवर पाय बांधून, डोके खाली लोंबकळत. दुआ तोंडपाठ होती, नियम माहीत होते, पण सवय जुनी होती. त्या मुलाच्या प्रश्नाच्या वर्षी आम्ही मध्ये चादर बांधली आणि दुसऱ्याला गल्लीच्या टोकाला शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. अब्बा म्हणाले, "इतक्या वर्षांत हे सुचलं नाही आपल्याला." एवढेच म्हणाले.

हे लिहिताना एक संकोच होतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात मांसाचा प्रश्न निखळ राहिलेला नाही. २०१५ साली गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कितीतरी कुरेशी कुटुंबांचा धंदा बसला. रस्त्यात टेम्पो अडवून माणसांना मारणाऱ्यांच्या तोंडीही प्राणिदयेचे शब्द असतात. बाहेरून प्रश्न काठी घेऊन येतो, म्हणून आपण घरातही तो विचारायचे सोडून दिले. कोणी काही म्हटले की आपण लगेच हलाल आहे, असे उत्तर देतो आणि दार लावून घेतो. पण कुरआनात हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द आहे. पाक, चांगले, स्वच्छ मार्गाने आलेले. पिंजऱ्यात कोंबून वाढवलेली, ट्रकमध्ये तहानेने अर्धमेली झालेली, दुसरीच्या रक्तावर पाय ठेवून उभी केलेली बकरी हलाल असेलही. तय्यब आहे का? इंग्लंडातल्या वोकिंग मशिदीचे एकेकाळचे इमाम हाफिज बशीर अहमद मसरी यांनी १९८९ सालच्या आपल्या पुस्तकात कारखानदारी पद्धतीच्या पशुपालनावर कुरआन-हदीसच्याच आधारे टीका केली होती. ती टीका आपल्या जुम्याच्या बयानात क्वचितच ऐकू येते. काठीवाल्याला उत्तर देणे वेगळे आणि अल्लाहला उत्तर देणे वेगळे. पहिल्याच्या रागात दुसरे विसरले गेले, तर नुकसान आपले.

वाचकहो, हदीसमध्ये एका चिमणीचा उल्लेख आहे. जो तिला विनाकारण मारील, त्याच्याविरुद्ध ती कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील, की याने मला कोणत्याही फायद्यासाठी मारले नव्हते. चिमणी किती हुशार होती, हे तिथे कोणी विचारणार नाही. अल-अनआमच्या त्याच आयतीच्या शेवटी सगळ्या उम्मती आपल्या रबकडे गोळा केल्या जातील, असेही आले आहे. म्हणजे बेवरास्पचा दरबार उठला तरी खटला संपलेला नाही. त्या दिवशी बकरीलाही साक्षीला बोलावले तर ती काय सांगेल? 'गाय और बकरी'मधल्या बकरीसारखी आपली बाजू घेईल, की बसऱ्याच्या मेंढ्यासारखी बोलेल? ते ठरवणे आज तरी आपल्या हातात आहे.

ती कविता आम्ही अजूनही शिकवतो. फळ्यावरच्या तात्पर्याखाली त्या मुलाचा प्रश्न लिहितो आणि उत्तराची जागा कोरी ठेवतो. मुले ती आपापल्या परीने भरतात. मागच्या खेपेला एकीने लिहिले होते, "मालूम था. इसी लिए सलाम की."